धानात शिरलेली पोरगी

कार्तिक सरत आला की आमच्या भागात हवेला एक वास येतो. सांगायला गेलं तर सांगता येत नाही. पिकल्या धानाच्या लोंबीवर दव पडतं, सकाळी त्यावर ऊन चढतं, तेव्हा जो निघतो तो. पूर्वी हा वास महिनाभर पुरायचा. आधी लवकर पिकणारा हलका धान, मग उशिराचा भारी. एकेक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, कापली जायची आणि वास गावाभोवती फिरत राहायचा. आता बाहेरून ते मोठं यंत्र येतं, घरघर करत फिरतं आणि जेवणवेळेच्या आत चार एकर साफ. वासाला बिचाऱ्याला दम घ्यायलाही सवड मिळत नाही.

परवा असाच वास आला म्हणून मी खिडकी उघडायला गेले, तर माझी पणती आर्वी ओरडली की खिडकी लाव, टीव्हीवर उजेड पडतो. पाच वर्षांची आहे. कार्टूनमधली हिंदी बोलते, मांजरीशीसुद्धा. तिला शाळेतून शेताचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. तिनं काढलं: लाल रंगाचं उंच लाकडी कोठार, गळ्यात घंटा बांधलेली ठिपक्याठिपक्यांची गाय, आणि गोल टोपी घातलेला गोरापान शेतकरी. मी विचारलं, बाई, हे कोणाचं शेत गं? तर म्हणे शेत असंच असतं, टीव्हीत दाखवतात ना. खिडकीच्या बाहेर चाळीस पावलांवर आमचा धान उभा होता.

लोक म्हणतात, टीव्हीनं पोरं बिघडवली. मी तसं म्हणणार नाही. लहान पोरासाठी पडद्यावर हलणारं चित्र ही फार मोठी वस्तू आहे, शाळेपेक्षा तसूभरही कमी नाही. म्हणूनच तर भीती वाटते. मला हे काही पुस्तकातून कळलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. पण एवढी एक गोष्ट मला एका माणसानं सांगितली होती, आमच्या बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पाळीवर बसून. त्या माणसाचं काम ज्यांनी बुडवलं, त्यांत मी एक होते. हे कोणाला बोलले नाही आजवर. लिहिता येतं म्हणून लिहिते.

मी अकरा वर्षांची होते. आमचं गाव केशोरीच्या बाजूचं. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आम्ही भंडाऱ्याचे. त्याच दिवाळीच्या सुमारास आम्ही सगळे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, अशी बातमी बाबांनी बाजारातून आणली. माय गोवऱ्या रचत होती. ती म्हणाली, गेलो तं गेलो, म्हैस संग आली ना? झालं, आमच्या घरापुरतं राज्य बदलून झालं.

त्या कापणीत छोट्या रुळांच्या आगगाडीनं अर्जुनीला उतरून, पुढं बैलगाडीनं, नागपूरचा एक पाहुणा गावात आला. दिनकरराव. तिशीच्या आतले, उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले. बरोबर दोन पत्र्याच्या पेट्या, त्यांवर स्वतःच्या लेकरावर ठेवावा तसा हात. लहान चित्रपट काढायचं काम करायचे. लहान म्हणजे दहा मिनिटांचा, मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवतात तो. सरकारी चिठ्ठी घेऊन आले होते. गावानं त्यांचं नाव फिलिमबाबू ठेवलं. आमची बांधी बोडीला लागून, तिथं सकाळचं ऊन पाण्यावरून येतं, ते त्यांना आवडलं आणि ते आमच्याच ओसरीवर उतरले.

त्याच्या आदल्या वर्षी प्रचाराची गाडी येऊन गेली होती. शाळेच्या पटांगणात पांढरं कापड बांधलं आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा हलणारं चित्र पाहिलं. त्यात पोरं होती. पायांत बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, टेबलाशी बसून पेल्यानं दूध पिणारी. माझ्या शेजारची पोरगी हळूच म्हणाली, बिमार असतील. आमच्याकडे दूध बिमार माणसालाच मिळायचं ना.

तर दिनकररावांनी शाळेत येऊन विचारलं की ते चित्र आवडलं का. सगळे एका सुरात हो म्हणाले. मी म्हटलं, आवडलं, पण त्याच्यात आमच्यावानी कोणीच नोहतं. मास्तरांनी डोळे वटारले. दिनकरराव मात्र माझ्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांकडे मला मागितलं, म्हणजे चित्रात काम करायला. माय म्हणाली, पोरीची जात, तोंड काळं पडलं तं लग्न कोण करल? बाबा हसले. म्हणाले, फोटोनं तोंड काळं पडत नाही, उन्हानं पडते, थे तं रोजच पडून राहिलं.

चित्र होतं भाताचं, लहान पोरांसाठी. एक पोरगी बापाची शिदोरी घेऊन शेतात निघते. धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, वळसा घालायचा सोडून सरळ धानात शिरते. आत तिला काय काय भेटतं: कोळ्याचं दवानं भिजलेलं जाळं, लाव्याचं घरटं, वाळत्या चिखलात खेकड्याचं बीळ. आणि शेवटी ती दुसऱ्या टोकानं बाहेर येते, बापासमोर. तेव्हाचा धान उंच असायचा. मी आत गेले की डोकंसुद्धा दिसायचं नाही, नुसता धान हलायचा. पिकल्या धानातून पळायचं म्हणजे लक्ष्मी तुडवणं, माय रोज पुटपुटायची. बाबांनी तरी पळू दिलं.

कॅमेऱ्याला चावी द्यावी लागे, घड्याळासारखी. दिली की किर्र किर्र वाजायचा. मी वीसपर्यंत मोजायची की चावी संपायची. रीळ मोजकं होतं, म्हणून एकेक पळणं ते आधी चार वेळा बिनचावीचं करून घ्यायचे. माझी पोटरी धानाच्या पात्यांनी चिरली होती. त्यावर माय खोबरेल लावायची आणि पाहुण्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. तरी मला इतका आनंद पुन्हा कशात झाला असं आठवत नाही. लग्नातसुद्धा नाही, खरं सांगते.

दुपारी काम नसलं की दिनकरराव पाळीवर बसायचे. गावातली मोठी माणसं कापणीत गुंतलेली, मग बोलायला कोण, तर मी. सांगायचे की त्यांचं चित्र मोठ्या सिनेमाच्या आधी लागतं, तेव्हा लोक बाहेर पान खात असतात. ज्यानं ते काढलं त्याचं नाव वाचायला खुर्चीवर कोणी नसतं. त्यांचे साहेब म्हणत, पोरं काही तिकीट काढत नाहीत, त्यांच्यासाठी रीळ कशाला जाळायचं. ह्यांनी फार भांडून हे एक चित्र मागून घेतलं होतं. ते नीट झालं तर नोकरी पक्की होणार होती, आणि पोरांसाठी अशी आणखी काढू देणार होते. नाही झालं तर घरी.

एकदा म्हणाले, "पोर जे पडद्यावर बघतं ना शेवंता, ते त्याला खरं वाटतं. आणि तिथं त्याला स्वतःसारखं कोणी कधीच दिसलं नाही, तर हळूहळू ते स्वतःलाच खोटं समजायला लागतं."

मला तेव्हा अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं कळायला आर्वीचं ते लाल कोठार यावं लागलं.

शिरायचं काम पार पडलं. आतलंही पार पडलं. राहिलं होतं एकच, मी बाहेर येते ते. त्यातच पहिल्यांदा माझा चेहरा समोरून दिसणार होता. त्याला त्यांना पाण्यावरून येणारं कोवळं ऊन हवं होतं, आणि नेमकं आभाळ आलं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. तोवर गावाचा सगळा धान कापून झाला, भारे बांधून पुंजणी लागली. उभी होती ती फक्त आमची एक बांधी. लोंब्या वाकल्या, दाणा झडायला लागला. पोपटांचे थवे उतरायचे. बाबा सकाळी जाऊन मूठभर मातीतून दाणे वेचून बघायचे. मायला वाटायचं, पाहुण्यानं एकदा धान काढला ना फोटोत, आता किती वेळा काढायचा. बाबा आपले भिडेखातर थांबून राहिले. धान का कापायचा नाही, हे बाबांना माहीत होतं. आणि मला. मला तर दिनकररावांनी धुळीत काडीनं आखून दाखवलं होतं: इथून शिरलीस, इथून निघशील, मधला धान तोच लागेल. तो नसेल तर बघणारी पोरं विचारतील, पोरगी शिरली तो धान गेला कुठं? पोरांना फसवता येत नाही, असं म्हणाले होते.

पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि दिनकररावांना थंडीताप भरला. दोन घोंगड्यांखाली दात वाजत होते. तापाच्या तिसऱ्या दिवशी बाबा पहाटेच कुनैन आणायला अर्जुनीला गेले.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. कापणीच्या दिवसांत ज्या घरी कोणी अंथरुणाला लागलं, त्या घरचा धान गावानं कापायचा. बोलवायचं नाही, विचारायचं नाही, मजुरी घ्यायची नाही. घरच्यांना कळायच्या आत बांधीत विळे चालू झालेले असायचे. आजारी माणूस घरचा की पाहुणा, असा फरक कोणी करत नसे. ज्याचं अंथरूण तुमच्या ओसरीवर, तो तुमचा. आणि दुसरं असं की आमच्याकडे खेळ असतो तो कापणीनंतर. धान घरी आला, मग मंडईची जत्रा भरते, मग दंडारीची सोंगं नाचतात. धान उभा असताना तोंडाला रंग लावणारा माणूस आमच्या लोकांनी पाहिलेला नव्हता. त्यांच्या हिशेबी पाहुण्याचा खेळ अडला होता तो या उभ्या धानापायी. माणूस झुरणीला लागून बिमार पडला, असंच बाया बोलत होत्या.

तर त्या सकाळी वच्छलाकाकू वीस-बावीस बाया घेऊन आली. वच्छलाकाकू म्हणजे गावच्या कापणाऱ्या बायांची पुढारीण. हात इतका भरभर चालायचा की बापे माणसं तिच्या ओळीच्या बाजूला उभी राहायला लाजायची. मी बोडीवर पाणी आणायला गेले होते. बघते तर अर्धं गाव आमच्या बांधीत. माय धुऱ्यावर उभी राहून डोळे पुसत होती आणि हसत होती. आमचं घर काही मोठं नव्हतं. आमच्यासाठी कधी एवढी माणसं आली नव्हती.

मी काकूजवळ गेले आणि म्हटलं, काकू, थांब ना, पाहुण्याले धान उभा पाहिजे.

ती वर न बघता म्हणाली, "धान कापाले रायते पोरी, पाहाले नाही. घे विळा."

आणि मी घेतला.

यावर मी आयुष्यभर विचार केला आहे. घर दोन हाकांवर होतं. पळत जाऊन त्या तापलेल्या माणसाला हलवलं असतं, तर तो घोंगडीसकट धडपडत आला असता आणि बायांनी हात थांबवले असते. त्या काही दुष्ट नव्हत्या. मी घाबरले होते असंही नाही. खरं असं आहे की मला बरं वाटत होतं. बायांनी मला आपल्या ओळीत उभं केलं, पोरगी म्हणून दाणे वेचायला नाही धाडलं. गाणं चाललं होतं. माझ्या विळ्याला धार चांगली होती. जिथून मी शिरायची ती जागा आली. तिथं पळून पळून पायवाटेसारखी फट पडली होती. एक क्षण हात अडखळला. शेजारची म्हणाली, काऊन थांबून राहिली? मी पुढं सरकले.

दुपारपर्यंत बांधी मोकळी झाली. बाबा कुनैनच्या गोळ्या घेऊन परतले तेव्हा धुऱ्यावर उभे राहिले. बायांनी केलेल्या उपकाराला काय म्हणणार? त्यांनी वच्छलाकाकूला हात जोडले.

दोन दिवसांनी ताप उतरला. दिनकरराव काठी टेकत बाहेर आले. त्यांच्या कानावर कोणी काही घातलं नव्हतं, कारण गावाला सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ते पाळीवर चढले. खाली नुसती धसकटं, आणि मध्ये दोन बगळे. मी मागं उभी होते, मला त्यांची पाठच दिसत होती. तोवर बाया आल्या, वच्छलाकाकू पुढे, हातात नव्या तांदळाच्या भाताची थाळी. पाहुण्यानं पहिला घास घ्यायचा असा मान होता. काकू म्हणाली, आता कराच तुमचा खेळ, अडसर काढून टाकला. सगळ्या हसल्या.

दिनकरराव वळले तेव्हा त्यांचा चेहरा हसरा होता. त्यांनी तो भात पाळीवर बसून सगळा खाल्ला. फार छान आहे म्हणाले. मग पेटी उघडून कॅमेरा काढला आणि विळे घेऊन उभ्या असलेल्या बायांचं चित्र घेतलं. मी मोजत होते. वीसच्या वर आकडे झाले. किर्र आवाज आला नाही. त्यांनी चावी दिलीच नव्हती.

पुढं एक पोस्टकार्ड आलं बाबांच्या नावानं. आभार होते, नव्या तांदळाची आठवण होती, आणि शेवटी एक ओळ: वरिष्ठांनी मान्य केलं तर पुढच्या हंगामात धान उभा असताना येईन. बाबांनी मला ते तीन वेळा वाचायला लावलं. पुढच्या कार्तिकात त्यांनी बोडीकडचा एक कोपरा कापला नाही. माय भांडली, शेजारी हसले. तो कोपरा पोपटांनी खाल्ला. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी सगळा धान कापला आणि तो विषय आमच्या घरात संपला.

मी लग्न होऊन गोंदियाशेजारच्या खेड्यात आले. गोंदियातल्या फोटोच्या दुकानात जोडीचा फोटो काढायला गेलो, तर तो फोटोवाला नागपूरचा निघाला. मी भीत भीत दिनकररावांचं नाव काढलं. हो, ओळखतो म्हणाला. त्याचं एक चित्र अर्धवट राहिलं, साहेबांनी आयतं कारण धरलं आणि काढून टाकला. आता टॉकीजमध्ये मध्यंतराला दुकानांच्या जाहिरातींच्या काचा दाखवतात ना, त्या रंगवतो. हात चांगला आहे त्याचा, असंही म्हणाला. त्या फोटोत मी हसलेली नाही. घरच्यांना वाटतं, नवी नवरी, लाजली असेल.

टॉकीजला जायचं तर आमच्या ह्यांना घाई नसायची. आधीचं सरकारी चित्र संपलं की आत जाऊ म्हणायचे. मी मात्र ओढत आधी न्यायची. अंधारात रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून मी धरणं पाहिली, कारखाने पाहिले, टोचून घेणारी माणसं पाहिली. धान दिसला की पुढे सरकून बसायची. वाटायचं, तुकडा तर तुकडा, कुठं तरी जोडला असेल. पोरगी धानात शिरताना तरी दिसेल. नाही दिसली. कुठल्या तरी पत्र्याच्या डब्यात ती शिरली ती शिरलीच, बाहेर आली नाही. आता तर त्या डब्याचाही गंज झाला असेल.

आणि हे माझ्या एकटीचं असतं तर मी गप्प बसले असते. साठ-सत्तर वर्षं गेली. आधी प्रचाराच्या गाड्या आल्या, मग टॉकीज, मग टीव्ही, आता तळहाताएवढ्या फोनवर पोरांसाठी दिवसभर चित्रं पळतात. मी आर्वीच्या मागं बसून सगळी बघते. उंदीर बघितले, अस्वलं बघितली, बोलणाऱ्या मोटारी बघितल्या. आमच्या बांधीतून पळणारं एक पोर नाही दिसलं. आमच्या बोलीत आईला हाक मारणारं एक नाही. असं काही काढावं असं वाटणारा माणूस पुन्हा जन्माला आलाच नसेल का? आला असेल. त्यालाही कोणी तरी प्रेमानं भात खाऊ घातला असेल. आर्वीला मी सांगितलं की मी एकदा चित्रात काम केलं होतं. तिनं विचारलं, मग दाखव. मी काय दाखवू?

दिनकरराव निघाले त्या सकाळी बाबांनी गाडी जुंपली. पेट्या चढवल्या. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. ते माझ्याजवळ आले. तापानं गाल बसले होते.

"शेवंता, धान तसाच उभा लागेल हे मी तुला सांगितलं होतं ना?"

रागानं नाही विचारलं. ते खरोखर विचारत होते. इतक्या तापानंतर माणसाला कालचं परवाचं धड आठवत नाही, त्यांनाही खात्री नव्हती.

मी म्हटलं, "नाही."

ते मान डोलावून म्हणाले, "मग माझंच चुकलं. मुख्य गोष्टच सांगायची राहिली."

मायनं नव्या तांदळाची पुरचुंडी दिली, ती त्यांनी कपाळाला लावली आणि गाडीत बसले. नागपुरात काचांवर चपलांची आणि साबणांची चित्रं रंगवताना त्यांच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं असेल की त्या पोरीला एवढं एक सांगून ठेवायला हवं होतं. त्यांनी सांगितलं होतं. नीट समजावून, दोनदा.